आक्काचं झंपर

“हे उसव,” आई म्हणाली आणि तिनं आक्काचं डाळिंबी झंपर माझ्या मशीनवर टाकलं.

मी खाकी कागदावर कुणाच्या तरी बाहीचा आकार काढत होते. पेन्सिल न उचलताच विचारलं, “कशाला?”

“शालू आलाय. विहीणबाईंनी धाडलाय गड्याबरोबर. म्हणाल्या, तिचीच वस्तू हाय, बहिणीच्या अंगावर परत घरात येऊ दे. गुरुवारी तूच नेसायचा. झंपर तेवढं तुझ्या मापाचं कर.”

“बसायचं न्हाई ते मला.”

“का बसायचं न्हाई? दोघींची अंगं सारखीच की. जरा इकडचं तिकडं करायचं. एवढा क्लास केलास तो कशापायी?”

गुरुवारी सुपारी फुटायची होती. माझी आणि दाजींची. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, आक्काचा नवरा. आक्का पावसाळ्यात कावीळ होऊन गेली. मागे दाजी राहिले, त्यांची आई राहिली आणि अजून धड न बोलणारी त्यांची लेक रेश्मी राहिली. हे लग्न कुणी ठरवलं असं कुणी विचारलं तर मला आजही सांगता यायचं नाही. आक्काच्या दिवसपाण्याला आलेली कुणी बाई म्हणाली, ‘धाकटी हाय की,’ आणि तिथून पुढं कऱ्हाडपासून उंब्रजपर्यंत सगळे ते ठरल्यासारखंच बोलायला लागले.

मी नाही म्हटलं नव्हतं. हो पण म्हटलं नव्हतं. मला काही वाटतच नव्हतं, हे खरं. ताट समोर आलं की जेवायचं, गिऱ्हाईक आलं की माप घ्यायचं, अंथरूण दिसलं की आडवं व्हायचं. आक्का गेली त्या दिवशीसुद्धा मी रडले नव्हते. बायका म्हणाल्या, मोठ्या मनाची पोर आहे. मन मोठं वगैरे काही नव्हतं, बंद पडलं होतं.

मला दुसरं कुणी आवडत होतं असंही नाही. तसं असतं तर बरं झालं असतं, नाही म्हणायला काही कारण तरी मिळालं असतं. दाजी वाईट नव्हते. साखर कारखान्यात नोकरी, सुपारीच्या खांडाचंसुद्धा व्यसन नाही, आवाज कधी चढलेला ऐकला नाही. आणि रेश्मी होती. घरात कुणी काही बोलायला लागलं की शेवट तिच्यावरच यायचा.

“सावत्र आई आली तर त्या लेकराचं काय?” आईनं त्या दिवशीही विचारलं.

“मी काय म्हणतीया का काय?”

“मग तोंड असं का करून बसलीयास?”

“तोंड असंच हाय माझं.”

आई शालू उलगडून बाजेवर पसरायला लागली. तिला किती दिवसांनी असं काही करताना बघत होते. आक्का गेल्यापासून ती चुलीपुढं बसली की बसून राहायची, भाकरी करपली तरी. शालूच्या घड्या मात्र तिनं एकेक करून, बोटांनी दाबून नीट केल्या.

आमची नावं शालन आणि मालन. नावं ठेवताना आईआण्णांनी फार डोकं चालवलं नाही, एवढंच म्हणते. एकीला हाक मारताना दुसरीचं नाव आईच्या तोंडून हमखास जायचं. मग ती वैतागून ओरडायची, “शालन, मालन, जी कोण असशील ती हिकडं ये.” आम्ही दोघी मुद्दाम जायचो नाही. आक्का गेल्यापासून मात्र आईची ती चूक एकदाही झाली नव्हती. माझं नाव ती विस्तव चिमट्यानं उचलावा तसं सांभाळून घ्यायची.

ती आत गेल्यावर मी झंपर उलटं करून बघितलं. शिवलेलं मीच होतं. रेश्मीच्या बारशाला आक्काला तिचं लग्नातलं झंपर चढेना, तेव्हा राहिलेल्या कापडातून नवीन बेतलं होतं. क्लासच्या देसाईबाई त्याला ब्लाउज म्हणायच्या आणि आम्हालाही म्हणायला लावायच्या. आमच्या घरी ते झंपरच राहिलं.

ब्लाउजचा सगळा खेळ टक्समध्ये असतो. कापड सपाट असतं, बाई सपाट नसते. म्हणून जास्तीचं कापड चिमटीत धरून आतून शिवायचं, म्हणजे त्याला खोलगटपणा येतो. टक्सची रुंद बाजू कडेला असते आणि टोक छातीच्या उंचवट्याकडे. क्लासमध्ये आम्हाला टक्स फिरवायला शिकवलं, तेव्हा मला जादूच वाटली होती. कागदावर कमरेचा टक्स मिटवून चिकटवून टाकायचा, बगलेपासून त्या टोकापर्यंत एक रेघ कापायची, की बगलेत आपोआप तेवढीच फट उघडते. पाहिजे तर खांद्यात न्या, पाहिजे तर गळ्यात न्या. एकीकडे मिटला की दुसरीकडे उघडतो. टोक तेवढं हलत नाही. ते ज्या बाईचं असतं तिचंच असतं.

आक्काचं माप घेतलं तो दिवस मला चांगला आठवतो. रेश्मी बाजेवर झोपलेली होती आणि आक्का आरशापुढं उभी राहून हसत होती. “मालने, माझं सगळं खाली आलं गं एका लेकरात. तुझ्या टेपाला पण लाज वाटत असंल.” मी म्हटलं, “टेपाला कसली लाज? टक्स खाली घेऊ की.” आणि घेतला. अस्तरावर अजून दुधाचा पिवळट गोल डाग होता, धुऊनही न गेलेला. मी त्यावरून अंगठा फिरवला. काही वाटतंय का म्हणून थोडा वेळ थांबले. काही वाटलं नाही, मग ब्लेड घेतलं आणि टक्सची शिलाई उसवायला लागले.

टाके सुटत गेले. टक्सच्या आतली बाजू उघडी पडली तेव्हा तिथला रंग गडद निघाला, दुकानातून आणला तेव्हाचा. बाहेरचा भाग उन्हानं, घामानं विटला होता आणि मधेच ही ताजी पट्टी. रेशमात सुईची भोकंही राहिलेली, ओळीनं, बारीक.

उसवल्यावर मी आधी कागदावरच करून बघितलं. पुढच्या भागाचा आकार खाकी कागदावर उतरवला, टक्स मिटवला, बगलेत उघडला. तिथं मिटवला, खांद्यात नेला. खांद्यातून गळ्यात. दुपारचं जेवण होईपर्यंत माझं तेच चाललं होतं. जमिनीवर कागदाचे तुकडे पसरले आणि प्रत्येकावर टोक तिथंच, आक्काचं. कागदावर मी तिला चारी बाजूंनी फिरवली, पण तिथून ती जागची हलेना. माझं टोक दोन बोटं वर होतं. कागद असता तर नवा घेतला असता. कापलेल्या कापडाला तसं करता येत नाही. त्याचं टोक जरा ओढून वर नेता येतं, आणि नेलं की खाली कुठंतरी पोकळ राहतं.

मी ओढून वर नेलं आणि कच्चा दोरा घातला.

बुधवारी दुपारी आईनं मला ते घालायला लावलं. वर शालू नेसवला. निऱ्या तिनंच घातल्या, पदर तिनंच काढला. पिना तोंडात धरून ती माझ्याभोवती फिरत होती आणि मी खुंटीसारखी उभी होते. छातीखाली दोन्हीकडं कापड फुग्यासारखं उभं राहिलं होतं, आत काहीच नसल्यासारखं. आईनं तळहातानं ते दाबून बसवायचा प्रयत्न केला.

“हितं पोकळ राहतंय गं.”

“राहणारच.”

“असू दे. पदराखाली झाकून जातंय.” ती दोन पावलं मागं सरली आणि मान वाकडी करून बघायला लागली. “आता जरा ताठ उभी ऱ्हा बघू, शालन.”

मी तिच्या तोंडाकडं बघितलं. चुकलं हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. चेहरा सगळा मोकळा झाला होता. आपल्या भांगाजवळचे केस मागं सारत ती माझ्याकडं अशी बघत होती, की जणू मी माहेरपणाला आलेय आणि संध्याकाळी पुरणाचं करायचंय.

“हं,” मी म्हणाले आणि ताठ उभी राहिले.

तेवढ्यात दारात दाजींची लुना वाजली. आईनं घाईघाईनं मला आत ढकललं, नवऱ्या मुलानं आधी बघू नये म्हणून. मी साडी बदलून बाहेर आले तेव्हा ते बाहेरच्या सोप्यात मशीनजवळच्या खुर्चीवर टेकले होते. उद्या माणसं किती येतील ते सांगायला आले होते म्हणे. आई चहा टाकायला आत गेली. मी झंपर घडी करून मशीनवर ठेवलं, तसं त्यांनी तिकडं बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली.

“तिचंच ना?”

“व्हय. जरा उसवलंय.”

“बसलं का?”

“बसवलंय.”

त्यांनी मान हलवली. मग ते म्हणाले, “मालन, तू आलीस तर घरात काही बदलायला लागणार नाही. तिचं कपाट आहे तसंच आहे. भांडी तिनं लावलीत तिथंच आहेत, मी आईला हात लावू दिला नाही. तुला सगळं माहीतच आहे.” ते हे अगदी प्रेमानं सांगत होते. मला बरं वाटावं म्हणून सांगत होते. “परक्या बाईला हे सगळं कुठं कळणार?”

“खरं हाय,” मी म्हणाले.

“तुला चालेल ना पण?” त्यांनी माझ्याकडं न बघता विचारलं. “मला कुणी तसं काही विचारलं नाही, म्हणजे तुलाही विचारलं नसणार.”

सगळ्या गावात मला हे विचारणारा तो एकच माणूस निघाला. मी उत्तर शोधलं. खरंच शोधलं, आत हात घालून चाचपडल्यासारखं. हो सापडलं नाही, नाही पण सापडलं नाही. तोवर आई चहा घेऊन आली आणि दाजी कपात बघून म्हणाले, “साखर कमीच टाकली ना?”

गुरुवारी सकाळी मंडळी आली. दाजी, त्यांची आई, त्यांचे चुलते आणि रेश्मी. आण्णांनी सोप्यात सतरंजी अंथरली होती आणि ते कोपऱ्यात टोपी काढ-घाल करत बसले होते. आण्णा बोलायचे कमीच, आक्का गेल्यापासून तर फक्त टोपीशीच. ताटात सुपारी, हळकुंड, साखर. मला आईनं आतून आणून पाटावर बसवलं.

विहीणबाई बघतच राहिल्या. “आई गं,” त्या म्हणाल्या, “कशी दिसतीया बघा. हुबेहूब शालन. तसूभर फरक न्हाई.”

“मापच तसं हाय त्येंचं,” आई म्हणाली. तिचा आवाज भरून आला होता, पण आनंदानं.

चुलते म्हणाले, “मग काय, घरातलीच पोर. विचारायचं काही राहिलंच न्हाई.” त्यांनी सुपारी उचलली.

“थांबा की जरा,” विहीणबाई म्हणाल्या. “पोरीला तर बघू द्या. रेश्मे, ये गं हिकडं. बघ कोण बसलंय. कोण हाय सांग?”

रेश्मी दाजींच्या मांडीवरून उतरून आली. पाटापुढं उभी राहिली. सगळे वाकून तिच्या तोंडाकडं बघत होते, ती काय म्हणणार ते सगळ्यांना माहीत असल्यासारखे. मीही वाट बघत होते. ती ‘आई’ म्हणाली की संपलं, मला काही ठरवायला नको, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता.

तिनं माझं तोंड बघितलं, शालू बघितला. मग एक बोट पुढं करून झंपराच्या बाहीला लावलं.

“आईचं हाय,” ती म्हणाली.

“व्हय गं बाई, आईचंच हाय,” विहीणबाई हसल्या. “आता मावशीच तुझी आई.”

“मावशी, काढ.”

“खुळी का काय,” माझी आई पुढं झाली. “असं म्हणू न्हाई, राणी.”

“काढ. आईचं हाय. काढ.” तिनं बाही मुठीत धरून ओढली आणि कच्चा दोरा कुठंतरी टरकला. ती रडत नव्हती, चिडली होती. आपल्या आईची वस्तू मावशीनं विचारल्याशिवाय घेतली, एवढंच तिचं म्हणणं होतं.

“काढते,” मी तिला म्हणाले. आणि उठले.

मधल्या खोलीत येऊन मी शालू सोडला आणि हुक काढायला लागले. आई मागोमाग आली, तिनं दार लोटलं.

“लेकराच्या बोलण्यावर जातीस व्हय? माणसं बसलीत बाहीर. ते नेस परत.”

“न्हाई नेसत.”

“मालन!”

“बरोबर बोलतीया ती, आई. हे आक्काचं हाय.”

“मला ठाऊक न्हाई का कुणाचं हाय ते?” आई एकदम ओरडली आणि मग तोंडावर पदर धरून हळू आवाजात म्हणाली, “मला तिला बघायची होती गं. एकदा. काल बघितली मी तिला हितं, ह्या आरशाम्होरं.”

“मलाबी दिसली. पण मग मी कुठं जाऊ? तू तिला बघशील, दाजी तिचं कपाट बघतील. मी कुठं जाऊ सांग.”

मी झंपर तिच्या हातात दिलं. तिनं ते धरलं, पण आता काय करायचं ते तिला सुचत नव्हतं. मी दोरीवरचं माझं रोजचं पोलकं घातलं, सुती साडी नेसले आणि एकटीच बाहेर गेले.

“दाजी,” मी म्हणाले, “काल तुम्ही मला विचारलं होतं. न्हाई चालणार.”

चुलत्यांच्या हातात सुपारी तशीच. विहीणबाईंनी कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, “बया, आता ह्या लेकराला कोण?” आण्णांनी टोपी डोक्यावर घातली आणि पहिल्यांदाच बोलले, “पोरगी न्हाई म्हणतीया. ऐकलं न्हवं?”

दाजी माझ्याकडं बघत होते. मला वाटलं रागावतील. ते फक्त म्हणाले, “बरं.” मग चुलत्यांच्या हातातली सुपारी काढून घेऊन त्यांनी ती ताटात ठेवली, आवाज होणार नाही अशी.

चहा तरी घ्या, असं आण्णांनी म्हटलं म्हणून मंडळी थांबली. मी भिंतीला पाठ लावून मांडी घालून बसले. रेश्मी आली. तिनं माझ्या पोलक्याला हात लावून बघितला, हे दुसऱ्या कुणाचं नाही अशी तिची खात्री झाली असावी, आणि सरळ माझ्या मांडीत शिरली. थोड्या वेळानं झोपली. तोंड माझ्या पोटाशी, एक मूठ पदरात. चहाच्या बश्या वाजत होत्या आणि मी तिच्या डोक्यावरचा घाम पुसत होते. हे लेकरू आता कुणाच्या मांडीवर वाढेल ते मला माहीत नव्हतं. माझ्या नाही, एवढं मात्र मी माझ्या तोंडानं ठरवून टाकलं होतं.

गाडीची वेळ झाली तेव्हा दाजी वाकले. त्यांनी तिची मूठ सोडवली, एकेक बोट करून, आणि तिला खांद्यावर घेतलं.

“उठवा तिला,” आण्णा म्हणाले. “मावशीला टाटा तरी करंल.”

“नको,” मी म्हणाले. “झोपू द्या.”

ते गेले. कोपऱ्यावरून वळेपर्यंत तिचं डोकं दाजींच्या खांद्यावर हलताना दिसत होतं. मग मी उठायला गेले आणि उठताच येईना. इतका वेळ तिचं वजन पेलून उजवा पाय पार बधिर झाला होता. जमिनीवर टेकवला तशा त्यात मुंग्या आल्या, आधी तळव्यात, मग पोटरीत, मांडीत, हजार सुया एकदम टोचाव्यात तशा. मी ओरडले. माझ्या ओरडण्यानं मीच दचकले.

आई आतून धावत आली. “काय झालं गं? काय झालं?”

“पाय,” मी म्हणाले. “पाय दुखतोय गं, आई.” आणि रडायला लागले.

आई खाली बसली. तिनं माझा पाय मांडीवर घेतला आणि दोन्ही हातांनी चोळायला लागली. पाय केव्हाच ठीक झाला होता. मी “पाय दुखतोय, पाय दुखतोय” म्हणत रडतच होते, आणि ती चोळतच होती.